घरातली आग, घरातलं पाणी : साफसफाई आणि देखभालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅट, चाळ, बैठं घर आणि कौलारू घर, सगळ्यांसाठी हे पान आहे. कोणतं काम स्वतः करायचं आणि कुठे वायरमन किंवा प्लंबरलाच बोलवायचं, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

ही कामं वर्षात कधी काढावीत?

पाण्याची कामं मे महिन्यात. जूनचा पहिला पाऊस पडला की गच्चीवर चढायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी ओल्या भेगेत काहीही भरलं तरी ते टिकत नाही. आगीशी संबंधित कामं दसरा-दिवाळीच्या साफसफाईत करावीत, कारण फ्रिज, कपाटं, माळा सगळं तेव्हाच हलतं. फ्रिजमागच्या प्लगकडे वर्षातून एकदा तरी नजर जावी म्हणून हा मुहूर्त चांगला आहे. साफसफाईची वर्षभर लागणारी दोनच कामं: चिमणीची जाळी धुणं आणि नहाणीची, म्हणजे बाथरूममधल्या पाणी जायच्या तोंडाची, जाळी साफ करणं.

प्रत्येक आगीनंतर ‘शॉर्ट सर्किट’ म्हणतात. घरात ते नेमकं कशामुळे होतं?

बऱ्याचदा सुरुवात एका सैल स्क्रूपासून होते. सॉकेटच्या मागे वायर ज्या स्क्रूखाली दाबलेली असते, तो वर्षानुवर्षांच्या तापण्या-थंड होण्याने ढिला पडतो. सैल सांध्यात विजेला होणारा विरोध वाढतो आणि तिथे उष्णता तयार होते. हिशेब करून बघा. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढतो. सांध्यात फक्त अर्धा ओहम विरोध आला तरी तिथे ३८ वॅट उष्णता निघते. कारागिराचं साधं डाग देण्याचं सोल्डरिंग यंत्र २५ ते ३५ वॅटचं असतं, म्हणजे भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत तुम्ही ते चालू ठेवून विसरलात असं समजा. वायरवरचं नेहमीचं पीव्हीसी वेष्टन ७० अंशांपर्यंतच टिकण्यासाठी बनवलेलं असतं. ते मऊ होतं, मग करपतं, मग दोन तारा एकमेकींना चिकटतात. ‘शॉर्ट’ होतो तो इथे, शेवटी.

म्हणून आधीची चिन्हं ओळखा. पिनेच्या भोकाभोवती पिवळट-तपकिरी डाग. प्लग काढल्यावर पितळी पिनेवर काळसर-निळी झाक. बटण दाबल्यावर चर्र आवाज. आणि कुठूनतरी सुक्या मासळीसारखा वास, स्वयंपाकघरात मासळी नसताना. हा वास तापलेल्या बोर्डाचा असतो. यातलं काहीही दिसलं तर ते सॉकेट वापरणं त्याच दिवशी बंद करा. नुसतं सॉकेट बदलून भागत नाही, करपलेल्या वायरचं टोक मागे चांगलं तांबं लागेपर्यंत कापूनच नवीन जोड द्यायला हवा. वायरमनला हे मुद्दाम सांगा, कारण वायर आखूड पडते म्हणून हे टाळलं जातं.

घरात एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा खटका) आहे. तो पडेलच ना?

वरच्या प्रसंगात नाही पडणार. एमसीबी वाजवीपेक्षा जास्त प्रवाह ओळखतो. सैल सांध्यातून जाणारा प्रवाह नेहमीचाच असतो, फक्त एका जागी उष्णता साचते. एमसीबीला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी गोष्ट, एमसीबी वायरला शोभेल असा हवा. दिव्या-पंख्यांच्या १.५ चौरस मिलिमीटर वायरवर ६ किंवा १० अँपिअर, स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी २.५ ची वायर, आणि गिझर-एसीसाठी ४ ची वायर स्वतंत्र ओढलेली, अशी साधारण पद्धत आहे. ‘सारखा पडतो’ म्हणून १० च्या जागी ३२ चा एमसीबी बसवून घेणारे पुष्कळ भेटतात. आता एमसीबी पडत नाही, वायर जळते.

एमसीबीशेजारी आरसीसीबी आहे का तेही बघा. त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा लागतो. तो विजेची गळती ओळखतो: गिझरच्या बॉडीत उतरलेली वीज, ओल्या भिंतीतून जाणारा प्रवाह. महिन्यातून एकदा ते बटण दाबा. झटक्यात खटका पडला पाहिजे. नाही पडला तर आरसीसीबी निकामी आहे.

एक्स्टेंशन बोर्डावर काय काय लावलं तर चालतं?

मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, राउटर. उष्णता निर्माण करणारं काहीही नको: इस्त्री, इंडक्शन, हीटर, पाण्यात टाकायची कॉइल, ओव्हन. ६ अँपिअरच्या बोर्डाची ताकद सगळी मिळून सुमारे १३८० वॅट आहे, आणि एकटी इस्त्रीच १००० वॅटची असते. बोर्डाची वायर गुंडाळी करून गादीखाली किंवा पायपुसण्याखाली दाबू नका. एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका.

गॅसची नळी कधी बदलायची? तपासायची कशी?

भगवी सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी. वर्ष नळीवरच छापलेलं असतं, फक्त तेलकट थराखाली दडलेलं असतं, ओल्या फडक्याने पुसा म्हणजे दिसेल. पाच वर्षं व्हायची असली तरी नळी कडक झाली असेल, वाकवल्यावर बारीक चिरा दिसत असतील किंवा उंदराचे दात उमटले असतील तर लगेच बदला. दीड मीटरपेक्षा लांब नळी घेऊ नये आणि मध्ये जोड देऊ नये. नळीवर ‘घाण होऊ नये’ म्हणून कापडी किंवा प्लास्टिकचं आवरण चढवू नका. आवरणाखालची चीर दिसत नाही.

तपासणी साबणाच्या पाण्याने. अर्धी वाटी पाण्यात थोडा भांड्यांचा साबण ढवळा, रेग्युलेटर चालू आणि शेगडीच्या खुंट्या बंद ठेवून नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरच्या बुडाला ब्रशने लावा. बुडबुडे फुगत राहिले तर गळती. काडी ओढून तपासणारे अजूनही आहेत. तसं करू नका.

नवीन सिलिंडर आला की टोपी काढून व्हॉल्व्हच्या आत डोकावा. तिथे काळी रबरी चकती असते. ती चिरलेली, वाकडी किंवा गायब असेल तर डिलिव्हरीवाल्याच्या हातूनच बदलून घ्या, तो गेल्यावर नव्हे. सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या उभ्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ही त्या सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत. उलटून गेलेली असेल तर परत पाठवा.

गॅसचा वास आला तर पहिलं काय करायचं?

बटणाला हात लावायचा नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. दोन्ही वेळा ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅनही नको. देवघरातला दिवा, उदबत्ती विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा, बाहेर पडा आणि बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो, म्हणून गॅलरीचं दार उघडणं वरच्या झरोक्यापेक्षा उपयोगाचं. पाइपने येणारा गॅस हलका असतो, तो छताकडे जातो, त्यासाठी वरच्या खिडक्या उघडा आणि मीटरजवळचा खटका बंद करा. पाइपगॅस कंपनीचा आपत्कालीन क्रमांक बिलावर असतो. तो बिलातच ठेवू नका, दाराच्या आतून चिकटवा.

चिमणी किती दिवसांनी साफ करायची? ‘ऑटोक्लीन’ आहे, तरी?

रोज फोडणी आणि आठवड्यातून दोनदा तळण असलेल्या घरात पंधरा दिवसांनी. तेलाची वाफ जाळीवर थिजते, तिचा चिकट पिवळा राळेसारखा थर बनतो. खाली कढईचा भडका झाला तर हाच थर पेटतो आणि पंखा आग पाइपात ओढून घेतो.

स्टीलच्या जाळ्या असतील तर कडकडीत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास बुडवा, मग ब्रश. ॲल्युमिनियमच्या बारीक जाळीला सोडा लावू नका, ती काळी पडते आणि खाल्ली जाते. तिला भांड्यांचा साबण आणि गरम पाणीच बरं. पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

ऑटोक्लीन चिमणी आतलं तेल वितळवून खालच्या वाटीत सोडते. ती वाटी कोण रिकामी करणार? बऱ्याच घरांत ती वाटी आहे हेच माहीत नसतं. शिवाय मागचा घडीचा पाइप कोणतीच चिमणी स्वतः साफ करत नाही. तो वर्षातून एकदा सोडवून बघा. आतून तुपाच्या डब्यासारखा दिसत असेल तर बदला, साफ करत बसू नका.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर?

गॅस बंद, वर घट्ट झाकण किंवा मोठी परात, आणि तसंच राहू द्या. झाकण बाजूने सरकवत ठेवा, वरून टाकू नका. पाच मिनिटांनी डोकावून बघण्याचा मोह टाळा, तेल तापलेलंच असतं, हवा मिळताच पुन्हा पेटतं. पाणी अजिबात नाही. पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते, ती सुमारे १७०० पट जागा व्यापते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवते. कढई उचलून मोरीकडे धावणंही तितकंच वाईट.

देवघर आणि दिवाळीचे दिवे?

लाकडी कपाटातल्या देवघरात निरंजनाच्या ज्योतीवर निदान दीड-दोन फूट मोकळी जागा हवी. फळीच्या खालच्या बाजूला काजळीचा काळा गोल दिसत असेल तर फळी तापते आहे. निरंजन, समई पितळी ताटात ठेवा, ताटात चमचाभर पाणी असू द्या. उदबत्तीच्या घराखाली साचलेली राख रोज काढा. देवघराच्या खणात कापूस, वाती, कापूर, तेलाची बाटली आणि काडेपेटी एकत्र ठेवायची आपली सवय आहे. सगळा सरपणाचा साठा, दिव्याखाली. तो बाजूच्या कपाटात हलवा.

आकाशकंदिलात एलईडी दिवाच लावा, जुना ६० वॅटचा गोळा कागद करपवतो. कंदिलाच्या वायरला टेप गुंडाळून दिलेला जोड पावसाच्या सरीत भिजतो, हेही ध्यानात ठेवा. पणत्या खिडकीच्या पडद्यापासून लांब. फटाक्यांच्या रात्री गच्चीवर आणि गॅलरीत पुठ्ठे, वाळत घातलेले कपडे, कुंडीतला सुका पालापाचोळा ठेवू नका.

डासांची कॉइल पत्र्याच्या ताटलीत, जमिनीवर, लटकणाऱ्या चादरीपासून हातभर दूर.

ई-स्कूटर आणि इन्व्हर्टर कुठे ठेवावा?

ई-स्कूटरची बॅटरी जिन्यात किंवा मुख्य दाराशी चार्ज करू नका. ती पेटली तर बाहेर पडायचा रस्ताच बंद होतो. मूळ चार्जर वापरा, उन्हातून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्या, आणि सगळे झोपल्यावर चार्जिंग नको. फुगलेली बॅटरी घरात आणूच नये. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून बंद कपाट नको. डिस्टिल्ड पाण्याची पातळी दोन-तीन महिन्यांनी बघा, टोकांवरचा पांढरा-हिरवा क्षार काढून पेट्रोलियम जेली लावा.

गिझरच्या पाइपातून थेंब थेंब पाणी येतं. तोंड बंद करू का?

मुळीच नाही. ते सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. २५ लिटर पाणी २५ वरून ७५ अंशांवर गेलं की जवळपास अर्धा लिटर फुगतं. त्या वाढीव पाण्याला वाट हवी. तापताना थेंब पडणं बरोबर आहे. न तापताही धार लागत असेल तर व्हॉल्व्ह बदला. बूच मारलं तर टाकी बॉम्बच झाली.

टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः झिजते. बोअरवेल किंवा टँकरचं जड पाणी असेल तर ती दर वर्षी बघावी, एरवी दोन वर्षांनी. ही कांडी संपली की टाकीला भोक पडतं आणि गळती माळ्यावरच्या सामानावर होते.

गावाला जाताना कोणता नळ बंद करायचा?

घराचा मुख्य व्हॉल्व्ह. संडासातल्या डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) किंवा गच्चीवरच्या टाकीपाशी असतो. आता उठून शोधा आणि फिरवून बघा, कारण पाच वर्षं न हलवलेला व्हॉल्व्ह गरजेच्या वेळी जाम झालेला असतो. वर्षातून दोनदा उघड-बंद करा. वॉशिंग मशीनचा नळ तर रोजच बंद करायचा.

घरात अचानक पूर येतो तो बहुधा फ्लश टाकीच्या, बेसिनच्या किंवा मशीनच्या बारीक कनेक्शन पाइपमुळे. त्याच्या टोकाची प्लास्टिकची चाकी जास्त आवळली की केसाएवढी चीर पडते, आणि ती कधीतरी मध्यरात्री फुटते. खालच्या मजल्यांना याचा धोका जास्त, कारण टाकी जितकी वर तितका दाब: दर दहा मीटरला सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. फुटलेल्या अर्धा इंची पाइपातून मिनिटाला पंधरा-वीस लिटर सहज येतं, म्हणजे तासाभरात हजाराच्या आसपास. स्टीलच्या विणीचा, पितळी चाकीचा पाइप घ्या, चार-पाच वर्षांनी बदला, हाताने आवळून वर पान्याचा पाव वेढाच द्या.

नहाणी तुंबते. ॲसिड ओतावं का?

आधी जाळी काढा. बहुतेक वेळा केस आणि साबणाचा गोळा तिथेच सापडतो. जाळीखाली उलटी वाटी असते, ती काढून धुवा आणि परत ठेवा, ‘पाणी पटकन जातं’ म्हणून टाकून देऊ नका, मग झुरळं आणि वास दोन्ही येतात. मोरीत उरलेलं तळणाचं तेल ओतू नका, पाइपात ते भाताच्या शितांबरोबर थिजून बसतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो.

गच्चीत काय बघायचं?

पाणी जायची तोंडं. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर ताशी ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे तासाला ५००० लिटर. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तोंडावर एक दुधाची पिशवी अडकली की हे सगळं गच्चीवर थांबतं. १५ सेंटिमीटर पाणी साचलं तर त्याच गच्चीवर १५ टन भार. चौरस मीटरला १५० किलो, आणि वापरायच्या गच्चीची स्लॅब साधारण तेवढ्याच वरच्या भारासाठी आखलेली असते.

म्हणून सपाट जाळीऐवजी घुमटाकार जाळी बसवा, तिच्यावर पिशवी पडली तरी बाजूने पाणी जातं. मे महिन्यात पावसाळी पाइपात बादलीभर पाणी ओता आणि खाली कुणाला तरी उभं करा. पाणी लगेच आणि तेवढंच आलं पाहिजे. गच्ची आणि कठडा मिळतो तिथला गोलाई दिलेला वाटा बोटाने ठोका, पोकळ वाजला तर तिथूनच ओल उतरते. भेगेतलं पिंपळाचं रोप नुसतं खुडू नका, मूळ राहिलं तर पुढच्या वर्षी भेग दुप्पट होते.

कौलारू घर असेल तर?

शाकारणी, म्हणजे छपराची पावसाळ्याआधीची डागडुजी, मेअखेर पूर्ण. फुटकी, सरकलेली कौलं बदला, माकडं-मांजरं फिरतात ती बाजू आधी. पन्हळीतली पानं काढा, घराला टेकलेल्या फांद्या छाटा. पत्रे असतील तर स्क्रूखालचे रबरी वॉशर बघा, उन्हाने ते आधी फाटतात आणि तिथूनच धार लागते.

छतावर ओल आली. वरच्या फ्लॅटमुळे की सोसायटीच्या पाइपमुळे?

ओल कधी वाढते ते लिहून ठेवा. चोवीस तास सारखी असेल तर दाबाचा नळ, सकाळी आंघोळीनंतर वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा बाथरूमची फरशी, फक्त पावसात असेल तर बाहेरची भिंत. फरशीची शंका असेल तर वरच्यांच्या संमतीने नहाणी बुजवून इंचभर पाणी २४ तास साठवा आणि खालून बघा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) पावसाची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, फ्लॅटच्या आतली सदस्याने. पाण्याच्या चाचणीला दोन दिवस लागत नाहीत. सभेतल्या वादाला दोन वर्षं लागलेली पाहिली आहेत.

अग्निशामक नळकांडं घ्यावं का?

घ्या. आयएसआय चिन्हाचं, एबीसी पावडरचं (लाकूड-कागद, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारं), दोन किलोचं. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर टांगू नका, दाराजवळ ठेवा. दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. महिन्यातून एकदा उलटं करून हलवा, पावडर तळाशी घट्ट बसते. वापरताना पिन काढून आगीच्या बुडाशी मारा. दहा सेकंदांच्या आसपास संपतं, तेव्हा पाठ दाराकडेच हवी. इमारतीच्या अग्निरोधक यंत्रणेसाठी महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. सोसायटीच्या सचिवांना ते दाखवायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

तळमजल्यावर राहतो. पुराचं पाणी दारातून नाही, संडासातून वर येतं.

बाहेरची गटारं भरली की असंच होतं. कायमचा उपाय म्हणजे बाहेरच्या चेंबरमध्ये एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा झडपेचा व्हॉल्व्ह. तो प्लंबरकडून बसवून घ्या आणि दर मे महिन्यात झडपेत अडकलेलं काढा. तात्पुरतं करायचं तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून संडासाच्या भांड्यात आणि नहाणीवर दाबून बसवा. पाणी चढतंय असं दिसताच, पाय कोरडे असतानाच मेन स्विच बंद करा, सिलिंडर रेग्युलेटर काढून टोपी लावून उंचावर बांधा. रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि आपटतो.

पाणी ओसरल्यावर वीज कधी चालू करायची?

भिंत कोरडी दिसली म्हणून नाही. चिपळूणला जुलै २०२१ च्या पुरानंतर घराघरांत जसा गाळ बसला, तसा तो सॉकेटच्या आत, वायरच्या नळ्यांतही बसतो. बोर्ड उघडून गाळ काढा, भिजलेली सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी टाकून द्या, धुऊन-वाळवून वापरू नका. वायरमनकडून मेगरने (वायरच्या वेष्टनाचा विरोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या, निदान एक मेगाओहम यायला हवा. कमी आला तर आणखी काही दिवस वाळू द्या आणि पुन्हा मोजा. मीटरच भिजलं असेल तर त्याला हात न लावता १९१२ या विजेच्या तक्रार क्रमांकावर कळवा. फ्रिज आणि मशीन कारागिराने उघडून बघितल्याशिवाय प्लगमध्ये घालू नका, आणि सगळ्यात शेवटी चालू करा, एकेक करून.